दाराकडं बघणाऱ्या गौरी

कुपवाडच्या शेडमध्ये सकाळी साडेआठला छपाईचं मशीन सुरू झालं की पहिला ठसा बाळासो स्वतःच्या डाव्या तळहातावर घ्यायचा. खरी रीत कागदाच्या कपट्यावर घ्यायची. पण बाळासोचं म्हणणं असं, की कागद मेला सपाट, त्याला काय कळतंय? तळहात कसा खोलगट, उंचवट्याचा, रेघारेघांचा. त्यावर ठसा साफ उठला तर जगात कशावरही उठेल. सव्वीस वर्षं हा नेम कधी चुकला नाही. त्यामुळं त्याच्या हातावर कधी औषधाच्या टोपणाची पाच-दहाची मापं असायची, कधी विजेच्या बटणाचं चालू-बंद, कधी बांगडीवरचं फूल. एकदा भावकीतल्या लग्नात पंगतीला बसला असताना वाढप्याला 'बास' म्हणून त्यानं हात आडवा केला, तर हातावर लिहिलेलं, 'उलटे धरू नये'. वाढप्यानं दचकून बादली सरळ केली आणि पुढं गेला. कुंडलला अजून ते सांगून हसतात.

गेल्या श्रावणात त्याच तळहातावर दोन डोळे आले. तेव्हापासून मात्र त्याच्या हाताकडं बघून कुणी हसलं नाही.

बाळासो कुंडलचा. घरी ऊस, दोन म्हशी आणि बायको अंजना. पोरगं पुण्याला नोकरीला. रोज चाळीसेक किलोमीटर मोटारसायकल मारत कुपवाडला यायचा, आणि अठ्ठावन्न वयाला आला तरी त्याचा कंटाळा नव्हता. कारण त्याला मशीनचं वेड. जयराज मालकांच्या त्या शेडमध्ये छपाईची चार मशीनं, चार स्वभावांची. एक जाळीचं टेबल. त्यावर ताणलेल्या बारीक जाळीतून शाई ओढायची, खाली पाटी नाहीतर बादलीचं झाकण, म्हणजे सपाट माल. दुसरं तापलेल्या ठशाचं. सोनेरी पट्टीवर ठसा दाबला की बेदाण्याच्या खोक्यावर झळझळीत अक्षरं उठायची. तिसरी शाईची पिचकारी. ही मालाला हातच लावत नाही, लांबूनच थुंकते. पट्ट्यावरून हळदीच्या पुड्या पळतात, विजेचा डोळा त्यांना बघतो, आणि पिचकारी प्रत्येकीवर तारीख उडवते.

त्या पिचकारीनं एकदा पालीवर तारीख मारली होती. पट्ट्यावरून पाल पळाली, डोळ्याला वाटलं पुडी आली. पालीच्या पाठीवर 'यापूर्वी वापरावे' आणि पुढच्या वर्षीचा मार्च. सिद्धू म्हणून जाळीच्या टेबलावरचा कामगार होता, चाळिशीचा, तोंडाळ. त्यानं ती तारीख भिंतीवर लिहून ठेवली, बघू म्हणाला पाल जगतीया का. मार्चमध्ये सगळे भिंतीकडं बघत बसले. पाल ट्यूबलाइटच्या मागून निवांत बाहेर आली. पाठ कोरी. सिद्धू बाळासोला म्हणाला, "कात टाकली की तारीख जाती आबा. माणसाला ती सोय न्हाई."

चौथं मशीन बाळासोचं. ज्या वस्तूला गोलाई आहे, खळगा आहे, ती याच्याकडं यायची. पोलादी पत्र्यावर चित्र बारीक खोदलेलं असतं. त्यावर शाई फिरते, पातं येऊन वरची शाई खरवडून नेतं, खोदलेल्या रेघांत तेवढी राहते. मग वरून मऊ रबराचा गोळा उतरतो. शेडमध्ये त्याला लाडू म्हणत. लाडू पत्र्यावर टेकतो, रेघांतली शाई उचलतो, सरकून वस्तूवर टेकतो, आणि ती शाई तिथं सोडून मोकळा वर जातो. कुठं ओरखडा नाही, फाटलेली रेघ नाही. गालावरून हात फिरवावा इतकं हळू. "बाकीची मशीनं छापतात, हे माझं अंगावर हात ठेवतं," असं बाळासो म्हणायचा.

या कामाची एक निशाणी त्याच्या अंगावर राहिली होती. दिवसातून दहा वेळा थिनरनं हात पुसून त्याच्या बोटांच्या रेघाच गेल्या होत्या. अंगठा तर गारगोटीसारखा गुळगुळीत. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्याचा अंगठा कधी लागायचाच नाही. दर महिन्याला अंजनाच जायची. सिद्धूनं त्याचीही चेष्टा केली होती, की आबांनी चोरी केली तरी पोलिसाला घावणार नाहीत.

बाळासो त्या चेष्टेवर कधी हसला नाही. त्याला कारण होतं.

त्याला एक थोरली बहीण, राहीबाई. नवरा फौजेतून रिटायर होऊन लोणंदला राहिला, ती तिथंच. आईबापाच्या माघारी माहेर म्हणजे बाळासोच. पण नऊ वर्षं राहीबाईनं कुंडलच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही, फोनवर एक वाकडा शब्द नाही. नुसतं येणं बंद. दर वर्षी गौरी यायच्या, गावातल्या साऱ्या लेकी यायच्या, आणि बाळासोच्या घरात गौरीच्या मुखवट्यापुढं नैवेद्य दाखवून अंजना एकटीच जेवायला बसायची.

झालं होतं असं. आई गेली त्या वर्षी बाळासोनं बहिणीला निरोप धाडला, की आक्का, वारस नोंदीच्या कागदावर तुझा अंगठा पाहिजे. ती आली. कागद होता हक्कसोडीचा. आईच्या माघारी सव्वा एकरातला तिचा वाटा तिनं राजीखुशीनं भावाला सोडला, असा. तिला वाचायला येत नव्हतं. नोंदणी कचेरीतल्या साहेबांनी विचारलंसुद्धा, की मावशी, समजून उमजून देताय ना? तिनं भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि व्हय म्हणाली. मग बाळासोनंच तिचा अंगठा धरला. शाईच्या गादीवर टेकवला आणि कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत असा अलगद फिरवला, की एक रेघ फाटली नाही. असा स्वच्छ ठसा क्वचित बघायला मिळतो, असं तिथला कारकूनही म्हणाला होता. पुढं तिला कळलं. कसं ते बाळासोनं विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायला तोंड झालं नाही. बहीण यावी असं त्याला दर भादव्यात वाटायचं. पण बोलवायचं तर आधी ते सांगावं लागणार होतं.

आता डोळ्यांचं.

जयराज मालकांनी गेल्या वर्षी गौरीच्या मुखवट्यांचं काम घेतलं. फायबरचे चेहरे तयार येणार, बाळासोनं फक्त डोळे छापायचे. चार हजार चेहरे. साताऱ्याचे दुकानदार अनंतराव यांची एकच अट होती, की कंप्युटरचे बाहुलीसारखे डोळे नकोत, गावाकडच्या जुन्या गौरीचे पाहिजेत. बाळासो पटकन बोलून गेला, आमच्या घरचा मुखवटा आणतो.

घरचा मुखवटा पितळी. दर वर्षी गौरी यायच्या आदल्या दिवशी बाळासोची आई उंबऱ्यात उजेडाला बसायची, मुखवटा मांडीवर घ्यायची आणि डाळिंबाच्या काडीनं काजळाचे डोळे नव्यानं रेखायची. मधेच मान वर करून वाटेकडं बघायची, राही आली का. ती गेल्यावर त्या डोळ्यांना काडी लावायचं धाडस अंजनाला झालं नव्हतं. आईनं शेवटचं रेखलेलं काजळ तसंच होतं. सण नसताना मुखवटा धान्याच्या कोठीतून बाहेर काढायला अंजनानं मोडता घातला. आवाहनाआधी गौर कोठीबाहेर काढायची नसते, म्हणाली. बाळासोनं तो फडक्यात गुंडाळून डिकीत घातला.

फोटो निघाला, पत्रा खोदून आला. पहिल्या दिवशी साडेआठला लाडू खाली आला आणि बाळासोच्या तळहातावर आईच्या हातचे दोन डोळे उमटले. सरळ त्याच्याकडं बघत होते. त्यानं थिनरची चिंधी उचलली आणि परत ठेवली. दुपारी डबा खाताना डावा हात त्यानं मांडीखाली घेतला होता.

काम झकास चाललं. आधी पांढरं, मग काळं, दोन ठोक्यांत चेहरा जागा व्हायचा. दिवसाला तीनशे. वाळायला म्हणून लोखंडी मांडण्यांवर रांगा लावल्या, छतापर्यंत. तिसऱ्या दिवशी सिद्धूनं डबा घेऊन बाहेर लिंबाखाली बसायला सुरुवात केली. बाळासोनं विचारलं, आत काय झालं?

"जेवताना कुणी तोंडाकडं बघितलेलं मला चालत न्हाई," सिद्धू म्हणाला. "आन न बघितलेलं तर त्याहून चालत न्हाई. आबा, त्या आपल्याकडं बघत न्हाईत. जरा जाऊन बघा."

बाळासो आत गेला. आठ-नऊशे चेहरे मांडणीवर होते. उजव्या भिंतीच्या मांडण्या होत्या, डाव्या भिंतीच्याही होत्या. सगळ्यांची तोंडं समोर, जशी त्यानं ठेवली होती तशीच. पण बुबुळं उजवीकडच्यांची डावीकडं आणि डावीकडच्यांची उजवीकडं. सगळ्या शटरच्या दाराकडं बघत होत्या. दारात ऊन होतं, बाकी कुणी नव्हतं.

बाळासो कामाचा माणूस. असलं काही दिसलं की तो आधी मोजमाप काढतो. लाडू झिजला की चित्र एका अंगाला लोळतं, पत्र्याचा खिळा ढिला झाला की काळं पांढऱ्याच्या बाहेर जातं, पावसाळी हवेत शाई चिकट होते. त्यानं लाडू बदलला. खिळे आवळले. भिंग आणि बारीक पट्टी घेऊन वीस चेहरे मोजले. बुबुळ बरोबर मधोमध, दोन्ही अंगांना सारखं अंतर, केसाचा फरक नाही. भिंग खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघितलं, की दाराकडं. सिद्धूला मोजायला लावलं. त्यालाही मधोमध भरलं. सिद्धूनं पट्टी थिनरनं पुसून खणात ठेवली आणि त्या दिवसानंतर एकदाही थट्टा केली नाही.

माल जायचा तो गेलाच. अर्धा साताऱ्याला, थोडा विट्याला, थोडा लोणंदच्या बाजारात. आठ दिवसांत अनंतरावांचा फोन आला. बायका मुखवटे परत आणून देत होत्या.

जयराज मालकांनी बाळासोला गाडीत घातलं आणि दोघं साताऱ्याला गेले. दुकानाच्या फळीवर परत आलेले अकरा चेहरे होते. अकराही रस्त्याकडच्या दाराकडं बघत होते. मालकांनी एक उचलून समोरच्या फळीवर ठेवला, मग लगेच बाजूला झाले, कारण आता तो उलट्या अंगाला बघत होता आणि दार तिकडंच होतं. अनंतराव म्हणाले, की वाईच्या एका घरात देवघर माजघरात आहे, तिथून दार दिसतच नाही. तिथली गौर भिंतीकडं बघते, आणि भिंतीपलीकडं दार आहे.

एक म्हातारी मुखवटा परत द्यायला आली होती. पैसे नको म्हणत होती, फक्त ठेवून घ्या म्हणत होती. बाळासोनं तिला विचारलं, की आजी, खोट काय आहे?

"खोट न्हाई बाबा. सुरेख हाय," ती म्हणाली. "पर गौर घरी आली की तिनं आपल्याकडं बघावं. ही आलेलीच न्हाई. कुणाची तरी वाट बघत बसलीया. मी जेवायला वाढीन, आन ही दाराकडं बघत ऱ्हाईल. माज्यानं न्हाई सोसायचं."

बाळासोनं डावा हात खिशात घातला.

येताना कराडच्या पुढं आल्यावर जयराज मालक म्हणाले, की नवा पत्रा खोदून घेऊ, कंप्युटरचेच डोळे घेऊ, उरलेले हजार तरी नीट जाऊ देत.

नवा पत्रा आला. बाहुलीचे डोळे, गोल, कुणाचे नाहीत असे. बाळासोनं मशीन धुतलं, लाडू नवा लावला, शाई नवी भरली. साडेआठला डावा तळहात पुढं केला. लाडू टेकला, उठला. बाळासोनं हात उजेडात धरला.

डोळे बाहुलीचेच होते. पण ते समोर बघत नव्हते. ते त्याच्या अंगठ्याकडं बघत होते.

त्यानं तो हात पुसला आणि उजवा पुढं केला. उजव्या हाताचा अंगठा दुसऱ्या अंगाला असतो. ठसा उठला. डोळे आता दुसऱ्या अंगाला, त्याही अंगठ्याकडं. याच अंगठ्यानं आणि शेजारच्या बोटानं त्यानं बहिणीचा अंगठा धरला होता. बाळासोनं मशीन बंद केलं, मालकांना घरी जातो म्हणून सांगितलं आणि भर सकाळी गाडीला किक मारली.

घरी अंजना म्हशीचं आवरत होती. तो गोठ्याच्या दगडावर बसला आणि नऊ वर्षं न सांगितलेलं सांगितलं. कागद कसला होता तेही, आणि अंगठा कसा धरला होता तेही. अंजनानं शेणाची पाटी खाली ठेवली नाही.

"मला काय सांगताय," ती म्हणाली. "कागद करून आलासा त्या दिवशी न्हाणीत बसून आंगठा किती येळ घासत हुता, ते मीच बघितलं की. मी वाट बघत हुते तुमी कवा बोलताय. आता मला सांगून काय उपेग? जिला सांगायचं तिला सांगा. गौरी चार दिसांवर आल्यात."

दुसऱ्या दिवशी बाळासोनं किर्लोस्करवाडीला पॅसेंजर धरली. ताकारी, कराड, सातारा मागं पडलं. डावी मूठ त्यानं मांडीवर मिटून ठेवली होती, कारण थिनर लावूनही डोळे पुरते गेले नव्हते. शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवरचं मूल सगळी वाट त्या मुठीकडं टक लावून होतं. वाठारला ती उठून पलीकडच्या बाकावर गेली.

लोणंदला राहीबाईचं घर स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर. दार उघडंच होतं. बाळासोनं एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि तिथंच थांबला.

समोरच्या फळीवर गौरीचा मुखवटा होता. फायबरचा, त्याच्याच हातचा, बाजारातून आणलेला. तो दाराकडं बघत होता. शेडमध्ये आठशे बघत होत्या, साताऱ्याच्या दुकानात अकरा बघत होत्या, पण तेव्हा दारात कुणी नव्हतं. आता तो होता. नजर सरळ त्याच्या तोंडावर येऊन टेकली, मऊ, लाडू टेकतो तशी, आणि उठली नाही.

राहीबाई खाली कांदे निवडत बसली होती. तिनं मान वर केली. "ये की रं बाळू," म्हणाली, "दारात का हुबा ऱ्हायलास?"

त्याला आत जाता येईना. तो उंबऱ्यातच उभा राहून बोलला.

"आक्का, त्यो कागद वारस नोंदीचा नव्हता."

राहीबाईनं हातातला कांदा फिरवून बघितला आणि चांगल्यांत टाकला. मग दुसरा घेतला. फळीवरची नजर हलली नव्हती.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "पोरानं सातबारा वाचून दाखिवला तवाच कळलं. जमीन काय, तू मागितली असतीस तर दिली असती, न्हाईतर न्हाई म्हणून भांडले असते. त्याचं न्हाई एवढं. तुला शाळंला सोडताना वढ्यातनं मी तुजं बोट धरून न्यायचे. तू माजा आंगठा धरलास तवा मला तेच याद आलं. किती मऊ धरलाय म्हणलं. नऊ वरसं झाली, माज्या आंगठ्याला अजून त्यो हात लागतोय. भाकरी थापताना लागतोय."

ती उठली, त्याच्या हाताला धरून आत घेतलं, आणि मिटलेली मूठ उघडली. पुसट डोळे होते. तिनं ते बराच वेळ बघितले. पत्रा बाहुलीचा होता, हे बाळासोला पक्कं माहीत होतं.

"आईचं डोळं घिऊन फिरतोस व्हय रं," ती म्हणाली.

मग तिनं चहा टाकला. तो निघाला तेव्हा एवढंच म्हणाली, की गौरीला येईन. पण तो कागद फिरेपर्यंत घरची गौर झाकून कोठीत ठेवायची नाही.

ती आली. आवाहनाच्या दिवशी अंजनानं दारापासून देव्हाऱ्यापर्यंत कुंकवाची पावलं काढली आणि राहीबाई त्यांच्या कडेनं चालत आत गेली. आदल्या संध्याकाळी उंबऱ्यात बसून तिनं पितळी मुखवट्याचे डोळे काजळानं रेखले होते. तीन दिवस घर भरलेलं होतं. साताऱ्याहून अनंतरावांचा फोन आला, की गौरी बसल्यापासून एकही मुखवटा परत आलेला नाही, आणि जी म्हातारी ठेवून गेली होती तीच येऊन घेऊन गेली. बाळासोला वाटलं, सुटलो.

पण विसर्जन झालं, सगळ्या घरच्या गौरी फडक्यात बांधून कोठीत गेल्या, आणि बाळासोच्या घरची तशीच देव्हाऱ्याशेजारी राहिली, उघडी. राहीबाई लोणंदला जाताना तिच्याकडं बोट करून गेली. पक्षपंधरवडा गेला, दसरा गेला. सकाळी डबा घेऊन तो बाहेर पडायचा तेव्हा पाठीवर काहीतरी टेकायचं, आणि गाडी गल्लीबाहेर पडेपर्यंत उठायचं नाही. अंजना तिला रोज कुंकू लावायची, पण समोरून जायची नाही, बाजूनं जायची.

दिवाळीच्या आधी कागदाचा दिवस मिळाला. बक्षीसपत्राचा कागद, की बाळासो तिच्या वाट्याची जमीन तिला परत देतो. साक्षीला जयराज मालक आणि सिद्धू. साहेबांनी वाचून दाखवलं, या वेळी राहीबाईनं एकेक ओळ थांबवून विचारली. मग बाळासोनं सही केली आणि अंगठ्याच्या यंत्रावर अंगठा ठेवला.

यंत्रात लाल दिवा लागला.

परत ठेवला. लाल. हात धुऊन आला, ठेवला. लाल. बाकीची बोटंही लावून झाली. कारकून बिचारा भला होता. काच पुसली, यंत्र बदलून बघितलं. शेवटी म्हणाला, "काका, तुमच्या बोटांना रेघाच नाहीत. आज जमेल असं वाटत नाही. वेगळी काही वाट आहे का विचारावं लागेल, वेळ लागेल."

बाळासो अंगठ्याकडं बघत राहिला. बहिणीचा घेताना एक रेघ फाटली नव्हती. परत द्यायची वेळ आली तर त्याच्याकडं एकही रेघ नव्हती. घरी देव्हाऱ्याशेजारी गौर उघडी बसली असेल, आणि आजही तशीच बसेल, आणि उद्याही.

राहीबाई बाकावरून उठली. पदराच्या टोकानं तिनं त्याचा अंगठा पुसला, लहान पोराचं नाक पुसावं तसा. मग आपल्या अंगठ्यात आणि बोटात धरला आणि काचेवर टेकवला. दाबला नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत अलगद फिरवला.

हिरवा दिवा लागला.

कारकून म्हणाला, "आला. चांगला स्वच्छ आला."

बाहेर रसवंतीवर चौघं थांबले तेव्हा सिद्धूनं बाळासोचा हात मागून घेतला आणि अंगठा उन्हात धरून बघितला. तसाच होता, गारगोटीसारखा. सिद्धूनं स्वतःचं बोट त्यावरून फिरवून बघितलं.

"आबा," तो हळू म्हणाला, "मग ठसा गेला कुणाचा?"

बाळासोनं राहीबाईकडं बघितलं. ती ऊस चरकात जाताना बघत होती.

त्या संध्याकाळी कुंडलला तिनं स्वतः मुखवटा फडक्यात बांधला. बांधायच्या आधी त्याच्या तोंडाकडं बघून घेतलं, पण तो कुठं बघत होता हे कुणाला सांगितलं नाही, आणि अंजनानंही विचारलं नाही. कोठीचं झाकण लागलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला कुपवाडला मशीन सुरू झालं. औषधाच्या टोपणांचं काम होतं, पाच आणि दहाची मापं. सिद्धू सवयीनं बघत राहिला. बाळासोनं खणातून कागदाचा कपटा काढला, लाडूखाली धरला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पहिला ठसा कागदावर घेतला.